बी गावचे, तेल गावचे. मग डिझेल कोणाचे?



यंदाच्या जिल्हा बैठकीत करंजाच्या बियांच्या कराराचा विषय आहे. एका कंपनीची माणसे महिनाभर आपल्या गावांतून फिरताहेत. त्यांचे बोलणे गोड आहे. गावातले सगळे बी पाच वर्षे आम्हालाच द्या, जागेवर वजन, जागेवर रोख. काही गावांनी मान डोलावलीही आहे. आमचे म्हणणे सरळ आहे: या करारावर अंगठा उठवू नका.

हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगतो? गेली चार वर्षे आम्ही एका टिनाच्या शेडात, एक घाणी आणि दोन पिंपे घेऊन सभासदांपुरते बायोडिझेल बनवणारी छोटी सहकारी संस्था चालवतो आहोत. तिचा हिशेब पुढे मांडतो. तो तपासा, आणि मग मत द्या.

आधी थोडी जुनी उजळणी. कापूस गावातून गेला आणि गावात काय परत आले? सरकीचे तेल आले, ढेप आली, कापड आले, आणि सगळे दुकानदाराच्या भावाने आले. भाव ठरवणारा दरवेळी गावाबाहेरचा. करंजाच्या बियांचेही तेच घडवायचे आहे. बी गेले की तेलही गेले, आणि ढेपही गेली. ज्या ढेपेने आपल्या रानातली उधई हटते आणि जमिनीला नत्र मिळते, ती मग पोत्यात भरून कृषी केंद्रातून विकत आणायची.

सरकारला हे तेल दिसले नाही असे नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने कागदावर हिरवीगार शेती करून दाखवली. १ कोटी १२ लाख हेक्टरवर मोगली एरंड लावायचा आणि २०११-१२ पर्यंत देशाच्या डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचे. छत्तीसगडात तर डिझेल आखातातून नव्हे, कुंपणातून येणार अशी घोषणा रंगली. रोपे वाटणाऱ्यांचे बरे झाले. शेतकऱ्याला मात्र कळले की पाणी-खताशिवाय हे झाड हिरवे राहते, पण बी धरत नाही. आणि धरले तरी घेणारा कोणी नाही. मग २००५ च्या ऑक्टोबरात खरेदी धोरण आले. २००६ च्या जानेवारीपासून तेल कंपन्या ठरलेल्या भावाने बायोडिझेल घेणार. त्या भावात ते बनतच नव्हते. खरेदी केंद्रे जाहीर झाली आणि मालाची वाट पाहत राहिली. उत्पादन खर्च न विचारता भाव ठरवण्याची सवय आपल्याला कापसापासून ठाऊक आहे. पुढे २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के म्हटले. २०१८ च्या धोरणाने ते २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आणले. २०२४ पर्यंत त्यातला एक टक्काही गाठला नव्हता.

आणि हमी कोणाला मिळाली? २०१९ च्या ऑगस्टमध्ये शंभर शहरांतल्या वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेल्या बायोडिझेलला तीन वर्षांचा भाव बांधून दिला. पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, तिसऱ्या वर्षी ५४ रुपये ५० पैसे. हॉटेलच्या कढईतले जळके तेल पुन्हा माणसाच्या पोटात जाऊ नये हे चांगलेच. पण भज्यांच्या तेलाला तीन वर्षांचा भाव आधी सांगता येतो, तर करंजाच्या, मोहाच्या, कडुनिंबाच्या बियांना का सांगता येत नाही?

आता आमच्या शेडात या. यात जादू काही नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. नुसते तेल दाट असते, नोझल चोंदते, म्हणून ते पातळ करायचे. शंभर लिटर तेल पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापवायचे. वीस लिटर मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून तेलात सोडायचा, तासभर ढवळायचे आणि रात्रभर स्थिर ठेवायचे. सकाळी तळाशी काळपट ग्लिसरीन बसते, वर बायोडिझेल राहते. खालचे काढायचे, वरचे पाण्याने धुवायचे, तापवून पाणी उडवायचे. साठ अंशांच्या फार वर गेलात तर मिथेनॉल उकळून वाफ होते. म्हणून शेडात विडी नाही, उघडा जाळ नाही, आणि दरवाजे दोन्हीकडून उघडे.

खरी मेख बियांत आहे. चैत्र-वैशाखात गोळा केलेले बी नीट वाळवले नाही, पावसाळ्यात ओलीला ठेवले, तर तेलातली आंबटी वाढते. तसल्या तेलात कॉस्टिक घातला की डिझेलऐवजी साबण होतो. म्हणून तेलाचा प्रत्येक घाणा आधी तपासायचा आणि कॉस्टिक त्या मापाने घालायचा. चांगल्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम पुरतो, आंबट तेलाला जास्त लागतो, आणि फारच आंबट तेल आधी आम्लाने वळवून घ्यावे लागते. तयार मालाची चाचणीही सोपी आहे. सत्तावीस मिलीलिटर मिथेनॉलमध्ये तीन मिलीलिटर माल टाका. तळाशी तेल साचले तर काम अर्धवट आहे. गावातली दहावी झालेली आमची पोरगी हे सगळे करते. उच्च तंत्रज्ञान म्हणून आपल्याला भिववणाऱ्यांनी येऊन तिला बघावे.

आणि हे आम्हीच पहिले केले असेही नाही. पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पॉवरगुडा या गोंडांच्या गावात बचत गटाच्या बाया करंजाची घाणी चालवत होत्या. २००३ साली त्या गावाने १४७ टन कार्बनची बचत जागतिक बँकेला ६४५ डॉलरला विकली. ओडिशात किंचलिंगी या आदिवासी गावात पायडलवर चालणाऱ्या यंत्रांनी बायोडिझेल बनवून पिण्याच्या पाण्याचा पंप चालवला.

आता हिशेब. चार किलो बियांतून घाणीवर साधारण लिटरभर डिझेलचे तेल पडते. बी २५ रुपये किलो धरा, म्हणजे १०० रुपये. पावणेतीन किलो ढेप उरते. १६ रुपयांनी ४४ रुपये आले. तेल पडले ५६ ला. मिथेनॉल आणि कॉस्टिक १४ रुपये. मजुरी, जळण, वीज, घाणीची झीज १५ रुपये. बेरीज ८५. पंपावरचे डिझेल गेली काही वर्षे नव्वदीच्या आसपास आहे. लिटरमागे सुटतात पाच रुपये. यात ढेपेचे ४४ काढून घेतले तर धंदा त्याच दिवशी बंद. कंपनीला बी देणे म्हणजे तो बंद करणेच आहे.

पाच रुपयांच्या या फटीत सरकार काय करते ते पाहा. २०२१ च्या सप्टेंबरात जीएसटी कौन्सिलने बायोडिझेलवरचा कर १२ वरून ५ टक्के केला. पण कोणासाठी? डिझेलमध्ये मिसळण्यासाठी तेल कंपन्यांना माल विकला तर. गावाने गावालाच विकला तर सवलत नाही, आजही दर ५ च्या दुपटीहून जास्त. १२ जरी धरले तरी ८५ चे ९५ होतात, म्हणजे पंपापेक्षा महाग. ५ धरले तर सव्वा एकोणनव्वद, म्हणजे पंपाच्या आत. आमचे जगणे-मरणे या एका ओळीवर आहे.

कोणी म्हणेल, लहान धंद्याला जीएसटी कुठे आहे? बरोबर. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. (मिथेनॉलवर भरलेला कर मात्र परत मिळत नाही.) पण ढेपेची विक्रीही त्या ४० लाखांत मोजली जाते. आमच्या हिशेबाने एकतीस हजार लिटरवर रेष येते. ट्रॅक्टर वर्षाला दीड हजार लिटर पितो असे धरले तर वीस ट्रॅक्टर झाले. एकविसावा सभासद आला की सगळ्यांचे डिझेल महाग. लहान राहाल तोवर जगा, वाढाल तर बुडा, असा हा कायदा आहे. आणि तेल कंपन्यांना विकून ५ टक्क्यांत बसावे म्हटले, तर त्या निविदा काढतात आणि माल टँकरच्या मापाने मागतात. आमचे माप पिंपाचे.

मिथेनॉलचे दुखणे वेगळे. ते विष आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती मिथेनॉलनेच. त्याची नोंद ठेवावी, कुलूप असावे, किती आले किती गेले ते कोणीही तपासावे, याला आमची हरकत नाही. आमचे रजिस्टर उघडे असते. पण परवाना मागायला गेलो तर एका कार्यालयाने आठ महिने फिरवले. अर्ज चुकीचा आहे असे कोणी म्हटले नाही, फक्त साहेब दौऱ्यावर. नियम विषासाठी आहे की अर्जदाराला थकवण्यासाठी? २०२०-२१ मध्ये गुजरात-महाराष्ट्रात बायोडिझेलच्या नावाने भलतेच तेल विकणाऱ्यांवर धाडी पडल्या. ते धंदे रस्त्यावर बोर्ड लावून उभे राहिले होते. ते उभे राहीपर्यंत तपासणीवाले कुठे होते?

आता घरातले बोलू. आपल्यातलेच काही शेतकरी म्हणतात, बी २५ ने कशाला, १२ ने घ्या, डिझेल कितीतरी स्वस्त पडेल. बी वेचते कोण? कोलाम-गोंडांच्या बाया आणि भूमिहीन मजूर. उन्हात शेंगा वेचायच्या, फोडायच्या, वाळवायच्या. आपण चाळीस वर्षे रस्त्यावर बसून मागतो काय? घामाचा भाव. तो आपल्याला हवा आणि त्यांना नको, हे आमच्या संस्थेत चालणार नाही. म्हणून वेचणाऱ्या बायांना आम्ही सभासद करून घेतले आहे आणि बियांचा भाव त्यांच्यासमोर ठरतो. त्यांच्यापैकी दोघी पंच कमिटीत आहेत. कमिटीचा अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतो. अध्यक्षाला गाडी नाही, भत्ता नाही. सहकारी कारखान्यांचे काय झाले ते या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही.

आणि फुकटच्या यंत्रापासूनही सावध राहा. अनुदानाचे यंत्र फोटोपुरते फिरते आणि पहिला बेअरिंग गेला की गंजत बसते. आमची घाणी सभासदांच्या भागभांडवलातली आहे, म्हणून ती बिघडली की रात्री अकराला चार माणसे पाने घेऊन येतात. नवे इंजिन असेल तर शंभराला वीसपेक्षा जास्त मिसळू नका. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या आधी बघून घ्या.

बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. सभासदांनी सभासदांसाठी बनवलेल्या बायोडिझेलला कंपन्यांइतकाच ५ टक्के दर लावा, कितीही लिटर असो. मिथेनॉलचा परवाना ठरलेल्या मुदतीत द्या, नाहीतर नाकारल्याचे कारण लेखी द्या. आयएस १५६०७ प्रमाणे तपासणी हवी असेल तर ती कृषी विद्यापीठात लहान संस्थांना परवडेल अशा दरात करून द्या. आज एका नमुन्याच्या पूर्ण तपासणीत आमच्या पिंपभर मालाचा नफा जातो. आणि बियांच्या एकहाती कराराला जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाने मान्यता देऊ नये. बी विकू नका असे आम्ही म्हणत नाही. ज्याला विकायचे त्याने विकावे, पण पाच वर्षे हात बांधून घेऊ नयेत.

येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात. नाल्याकाठची, बांधावरची, रस्त्यालगतची धरून गावात करंजाची फळती झाडे किती आहेत, आणि गेल्या वर्षी गावाचे डिझेलवर किती रुपये गेले. पावत्या असतील तर पावत्या आणा. कंपनीच्या माणसांनाही आम्ही बैठकीला बोलावले आहे. त्यांनी त्यांचा हिशेब फळ्यावर मांडावा, आम्ही आमचा मांडतो.