बेंबी पाहावी मोरीची!

मालवणकडे बाजारात मोरी घेताना ती आई आहे की तान्ही, हे सहसा कुणी पाहत नाही. मोरी म्हणजे लहान मुशी, अर्थात शार्क. यातली सोनमुशी जेमतेम दोन-सव्वादोन फूट वाढते; सव्वा फुटाची झाली की ती वयात आलेली असते. कानमुशी मात्र जन्मतःच फूट-दीड फुटाची! म्हणजे टोपलीतल्या सारख्याच लांबीच्या दोघींपैकी एक आई, तर दुसरी तिच्याहून कितीतरी लहान वयाची असू शकते.

ओळखायचे कसे? दोन्ही जातींची पिल्ले आईच्या पोटात नाळेवर वाढतात. पुढच्या परांच्या मधोमध बेंबीची खूण अजून भरली नसेल, तर ते पिल्लू नुकतेच जन्मलेले समजावे.

अनेक जातींच्या माद्या पिल्ले देण्यासाठी उथळ उपसागर किंवा खाडीचे मुख गाठतात. तिथे कोळंबी, बारीक मासळी भरपूर. पिल्लांना गिळणारे मोठे शार्क कमी. आई पिल्ले घालून निघून जाते, सांभाळते ती खाडीच. बहामातील बिमिनी बेटांजवळ जन्मलेल्या सहा लेमन शार्क माद्या 14 ते 17 वर्षांनी तिथेच बाळंतपणाला आल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. अगदी माहेरी आल्यासारख्या!

अशाच उथळ पाण्यात बारीक आसाची जाळी ओढली जातात, तेव्हा तान्ही पिल्ले आयतीच सापडतात. बांगडा हजारोंनी अंडी घालतो, कानमुशी एका वेळी मोजकीच पिल्ले देते, आणि त्या पिल्लांना वयात यायला कित्येक वर्षे लागतात.