‘घरगुती’ या शब्दाची किंमत

अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनास येणारा भाविक परतताना प्रसादाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणीही घेऊन जातो. पापडासारखी कुरकुरीत आणि कित्येक दिवस टिकणारी ही ज्वारीची भाकरी सोलापूर जिल्ह्यात आणि सीमेपलीकडील कन्नड मुलखात पिढ्यानपिढ्या घरोघरी भाजली जात आली आहे. आता ती पुड्यात बांधून पुण्या-मुंबईच्या बाजारात जाते आणि ‘घरगुती’ या शब्दावर खपते. या शब्दासाठी गिऱ्हाईक चार पैसे अधिक मोजते. ते चार पैसे जातात कोणाकडे, हा खरा प्रश्न आहे.

या भाकरीमागील श्रम आधी नीट पाहिले पाहिजेत. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते ऊन पाण्यात मळून प्रत्येक भाकरी हाताने थापावी लागते. दळण जुने झाले की पिठाची विरी जाते आणि कडा फाटतात. रोजची भाकरी तव्यावर उलटून विस्तवावर शेकली की झाली. कडक भाकरी मात्र अधिक पातळ थापून, ओलावा पूर्णपणे जाईपर्यंत मंद आचेवर भाजत बसावे लागते. हे कौशल्य सोलापूरच्या विणकराच्या कौशल्याहून तसूभरही कमी नाही. तरीही विणकराला कारागीर म्हटले जाते आणि भाकरी थापणारीला ‘घरचीच बाई’!

या अन्यायात अर्थशास्त्राचाही वाटा आहे. गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू यांनी 1920 सालीच दाखवून दिली होती. काम तेच, हात तेच, भाकरीही तीच. फक्त पगार थांबला आणि श्रम हिशेबातून अदृश्य झाले. शंभर वर्षांनंतरही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हा स्वयंपाक धरला जात नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जातो. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा जातो 88 मिनिटे. जवळजवळ पाच तासांचे हे श्रम ज्या हिशेबात शून्य ठरतात, तो हिशेब शास्त्रीय कसा म्हणावा?

येथेच ‘घरगुती’ या शब्दाची करामत ध्यानात येते. कुटुंब म्हणते, हे घरचे काम आहे, त्याला मोल कसले? व्यापारी म्हणतो, हे फावल्या वेळचे काम आहे, त्याला मजुरी कसली? एकाने फुकट ठरवलेले श्रम दुसऱ्याला स्वस्तात मिळतात. ‘आईच्या हातची भाकरी’ म्हणून गळा दाटून येणारी भाषणेही अखेर याच व्यवहारावर पांघरूण घालतात. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. धान्याचा गौरव झाला याचा आनंदच आहे. परंतु ते थापणाऱ्या हातांची दखल कोणी घेतली?

यावर असे सांगितले जाते की, स्त्रिया हे काम स्वखुशीने करतात, मुलेबाळे सांभाळून दोन पैसे मिळवतात. पीठ तिचे, भाव तिचा आणि गिऱ्हाईकही तिचेच असेल तर हा युक्तिवाद मान्य करता येईल. परंतु भाव जर दुसराच ठरवीत असेल, तर ती स्वतःच्या चुलीपुढे बसलेली मजूरच आहे. ज्या घरात पाळणाघराची सोय नाही आणि बाहेर दुसरे काम नाही, तेथील ‘स्वखुशी’ म्हणजे निरुपायाचे गोंडस नाव होय.

घरात बसून काम करणारीला कामगार मानता येत नाही, हा आक्षेप तर सोलापूरच्या इतिहासानेच खोडून काढला आहे. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. कारखानदार न्यायालयात गेले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत कुंभारी लागते. तेथे विडी कामगार स्त्रियांनी संघटनेच्या बळावर मिळवलेली दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. घरात विखुरलेल्या स्त्रिया संघटित होऊ शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी ती एकदा पाहून यावी.

भाकरीच्या बाबतीतही मार्ग अपरिचित नाही. 1959 साली गिरगावात सात स्त्रियांनी पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लिज्जत’मध्ये पापड लाटणारी ही सहमालक असते. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना ‘अन्नपूर्णा’ महिला मंडळात एकत्र केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणून सावकाराचा पाश सैल केला. भाकरी भाजणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्था निघाव्यात, जेथे दुसऱ्यासाठी काम होते तेथे नगावर किमान दर ठरावा आणि घरबसल्या काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1996 चा करार भारताने मान्य करावा, या मागण्या म्हणूनच स्वप्नाळू नाहीत. करार अद्याप भारताच्या स्वाक्षरीविना पडून आहे.

उरतो प्रश्न स्वतःच्या घरातील भाकरीचा. तिची मजुरी नवऱ्याने द्यावी, असे कोणी म्हणत नाही. तेथे मागणी आहे ती श्रमाच्या वाटणीची, नळाच्या पाण्याची, धूर नसलेल्या चुलीची आणि पाळणाघराची. या बाबतीत समाजवादी कार्यकर्त्यानेही स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकावण्यास हरकत नाही. मोर्चाला निघालेल्या कार्यकर्त्याच्या फडक्यातील भाकरी पहाटे उठून कोणी थापली, याची नोंद चळवळीच्या कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. भाकरीच्या प्रश्नावर आयुष्यभर भाषणे करणाऱ्याला ती थापता येऊ नये, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. श्रमाला प्रतिष्ठा द्या, ही घोषणा गिरणीच्या फाटकाशी थांबत नाही. ती चुलीपर्यंत गेली पाहिजे.