दोनशे अक्षरं आणि हरवलेलं 'नये'

सारांश म्हणजे कापाकापी नव्हे. बास, एवढंच म्हणायचंय. पण गेली कित्येक वर्षं प्रत्येक प्रोजेक्टवर याच मुद्द्यावरून भांडतोय, म्हणून जरा सविस्तर.

एका प्रोजेक्टवर पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं एक्सएमएलमध्ये होती. काही शोधलं की यादी यायची आणि प्रत्येक प्रकरणाखाली छोटासा 'सारांश'. एके दिवशी टेस्टरने स्क्रीनशॉट पाठवला: 'मोटर चालू असताना झाकण उघडू...' खाली फक्त एक स्मायली. मूळ वाक्य होतं 'उघडू नये'. आमच्या स्टाइलशीटने दोनशे मोजून बरोब्बर 'नये'च्या आधी कात्री चालवली होती. जणू 'चला, उघडू या!' सगळे हसले. मीही हसलो, पण जरा कमी. ती ओळ माझीच होती ना!

आता यात गंमत बघा. इंग्रजीत नकार बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधीच येऊन बसतो. मराठीत 'नाही' आणि 'नये' येतात शेवटी. म्हणजे मराठी वाक्य मध्येच तोडलं तर ते नुसतं अर्धवट राहत नाही, चक्क उलटं होऊ शकतं.

बरं, अक्षर म्हणजे तरी काय? एक्सएसएलटीचं सबस्ट्रिंग हे फंक्शन युनिकोडची चिन्हं मोजतं. आपल्या दृष्टीने 'स्त्री' हे एक अक्षर, त्याच्या हिशेबात सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. मध्ये कापलं की शेवटी लंगडा 'स्' उरतो. जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडच्या प्रमाणात आला तो थेट २०२३ साली, १५.१ आवृत्तीत. सबस्ट्रिंगला त्याचा पत्ताच नाही.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. सबस्ट्रिंग चालवायच्या आधी आपण सगळ्या टॅगांची स्ट्रिंग करतो. एलिमेंटची स्ट्रिंग म्हणजे आतला सगळा मजकूर एकापुढे एक चिकटवलेला. मग तळटीप वाक्याच्या मधोमध घुसते. 'दहाचा तिसरा घात' लिहिताना वर चढवलेला ३ खाली उतरतो आणि १०३ होतात. लेखकाने खोडलेला म्हणून खूण केलेला मजकूर पुन्हा जिवंत होतो! टॅग म्हणजे काय सजावट आहे का? तो अर्थ आहे. आधी खूणगाठी बांधायला माणसं बसवायची आणि सारांशाच्या वेळी एका ओळीत त्या सगळ्या सोडून टाकायच्या. याला काय म्हणायचं?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: 'अरे, एक्सएसएलटीत व्हेरिएबल बदलता येत नाही, मोजत कसं जाणार?' येतं की. उरलेली लांबी पॅरामीटर म्हणून पुढच्या टेम्प्लेटला द्यायची, रिकर्शन करायचं. एक्सएसएलटी १.० हे १९९९ चं, तेव्हापासून हे जमतं. २०१७ च्या ३.० मध्ये तर त्यासाठी अ‍ॅक्युम्युलेटर आणि इटरेट आहेत. सारांशासाठी वेगळा मोड करा, त्यात तळटिपा आणि खोडलेला मजकूर गाळा, आणि पूर्ण वाक्य बसत असेल तरच घ्या. नाही बसलं तर आधीच्या वाक्यावर थांबा. दोनशेऐवजी एकशे चाळीस आले तर आभाळ कोसळत नाही.

त्याहून सोपं सांगू? लेखकालाच विचारा. डॉकबुकमध्ये सारांशासाठी स्वतंत्र एलिमेंट आहे. २००५ सालच्या अ‍ॅटमच्या प्रमाणातही सारांश आणि मजकूर वेगवेगळे ठेवलेत. ज्यांनी ही प्रमाणं लिहिली त्यांना कळलं होतं की हे काम माणसाचं आहे. लेखकाने लिहिलेला सारांश असेल तर तो, नसेल तर पहिला अख्खा परिच्छेद, आणि तेही जमत नसेल तरच कात्री.

'आता कोण एक्सएसएलटी वापरतं, क्रोमसुद्धा काढून टाकतंय,' असं कुणीतरी म्हणणारच. खरंय, २०२५ मध्ये तशी घोषणा झाली. पण ती ब्राउझरपुरती. सर्व्हरवर आणि छपाईच्या कामात एक्सएसएलटी चालूच आहे. आणि 'सारांश एआय करेल' म्हणणाऱ्यांनो, त्यालाही तुम्ही टॅग सोलून सपाट केलेलाच मजकूर देणार ना? मग खोडलेलं वाक्य खोडलेलं आहे हे त्याला कोण सांगणार?

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की कोडमध्ये एकदा शोधून बघा, सबस्ट्रिंग आणि पुढे तीन टिंबं. सापडलं, तर त्या तीन टिंबांमागे काय दडलंय ते वाचा. एखादं 'नये' असेल.