विश्लेषण : आर्चरच्या कोपराने मुंबई इंडियन्सचे गणित कसे बिघडवले?

फेब्रुवारी २०२२ च्या महालिलावात मुंबईने जोफ्रा आर्चरला ८ कोटींना घेतले, तेव्हाच तो त्या हंगामात खेळणार नाही हे ठाऊक होते. २०२१ मध्ये त्याच्या उजव्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती.

दुखापत इतकी चिवट का?
पडून मोडलेले हाड सहसा एकदा जुळले की काम भागते. इथे मात्र वेगवान चेंडू टाकून टाकून, त्याच ताणाने हाडाला बारीक तडा जातो. बरे होऊन पुन्हा वेग वाढवला, की भार त्याच जागी येतो.

संघाचे काय झाले?
हार्दिक पंड्या, बोल्ट गेल्याने मुंबईला नवी फळी उभारायची होती. २०२२ मध्ये १४ पैकी ४ विजय, शेवटचा क्रमांक. २०२३ मध्ये पाठीमुळे बुमराही बाहेर, आणि आर्चर ५ सामने व २ बळींवर थांबला. जुगार फसला तो पैशांमुळे नव्हे; बुमरा-आर्चर जोडीवर सगळी भिस्त ठेवल्यामुळे. गंमत म्हणजे तरीही मुंबईने बाद फेरी गाठली. २० लाखांच्या आकाश मढवालने लखनौविरुद्ध ५ धावांत ५ बळी घेतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्चर मुक्त झाला. वर्षभराने राजस्थानने त्याच्यासाठी साडेबारा कोटी मोजले.