परदेशातील आजारपण कोणाच्या खर्चाने?

कर्वेनगर-कोथरूड परिसरातील मध्यमवर्गीय कुटुंबांत एखादे अपत्य परदेशी असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडे सांभाळण्यासाठी निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी चार-सहा महिने इंग्लंड-अमेरिकेत जाऊन राहतात. ज्यांचे नाव या वस्तीने धारण केले आहे ते महर्षी कर्वे १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, युरोप-अमेरिकेच्या प्रवासास निघाले. तेव्हा ब्रिटनमध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा नव्हती. ती १९४८ साली सुरू झाली. आज ती आहे. मग आजच्या प्रवाशाची चिंता मिटली काय? की सरकारी छत्र असूनही त्याने खासगी विमा घेतलाच पाहिजे?

‘तिकडे औषधपाणी फुकट असते’ ही समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या काळात सुरू झालेली आरोग्यविम्याची पद्धत वर्गणीवर उभी आहे, तर ब्रिटनची सेवा प्रामुख्याने करांतून चालते आणि तिचा हक्क अधिकृत निवासावरून ठरतो. तेव्हा कोठे वर्गणी, तर कोठे निवास, हा या संरक्षणाचा पाया आहे. रुग्णाची गरज हा तो पाया नव्हे. पाहुणा म्हणून आलेले आईवडील यांपैकी कोणत्याच व्याख्येत बसत नाहीत.

हक्क कोणाचा?

ब्रिटनचेच उदाहरण घ्यावे. सहा महिन्यांहून अधिक काळासाठी तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांस व नोकरदारांस व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ साली तो वर्षाला २०० पौंड होता; फेब्रुवारी २०२४ पासून तो १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांसाठी ७७६ पौंड झाला. तो भरणाऱ्यास तेथील रहिवाशाप्रमाणे रुग्णालयीन उपचार मिळतात. अशांच्या बाबतीत खासगी विमा ही केवळ पुरवणी ठरते. इतर देशांतील भ्रमंती, आजारी अवस्थेत मायदेशी परत येणे किंवा मृतदेह परत आणणे यांचा भार ती सरकारी सेवा उचलत नाही. तेवढ्यापुरता विमा घेणे शहाणपणाचे होय.

याच मुलांना भेटावयास गेलेल्या आईवडिलांची गोष्ट निराळी आहे. इंग्लंडमध्ये सामान्य डॉक्टरचा सल्ला आणि अपघात विभागातील प्राथमिक उपचार त्यांना मोफत मिळू शकतात. परंतु रुग्णालयात दाखल करून घेतले की राष्ट्रीय दराच्या दीडपट आकारणी सुरू होते. ५०० पौंड वा त्याहून अधिक रक्कम दोन महिन्यांहून अधिक काळ थकली, तर पुढे व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी ब्रिटनचे परस्पर आरोग्यसेवेचे करार आहेत. भारताशी तसा करार नाही.

अमेरिकेत पाहुण्यासाठी सरकारी छत्रच नाही. तातडीच्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करण्याचे बंधन १९८६ च्या कायद्याने तेथील रुग्णालयांवर आहे. मात्र त्याने बिल माफ होत नाही. वृद्धांसाठीच्या ‘मेडिकेअर’ योजनेत वर्गणी भरून शिरण्यासाठीही कायम वास्तव्याचा परवाना आणि सलग पाच वर्षांचा निवास लागतो. भारत सरकारने २०२४ साली सत्तरीच्या पुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत घेतले खरे, परंतु ते पाच लाखांचे संरक्षण देशातील रुग्णालयांपुरतेच आहे. म्हणजे येथला हक्क बरोबर नेता येत नाही आणि तेथला मिळत नाही. शेंगेन देशांनी किमान ३०,००० युरोंचा विमा व्हिसासाठी सक्तीचा केला आहे. ब्रिटन व अमेरिका अल्पकालीन पाहुण्यांवर अशी सक्ती करीत नाहीत. पण जेथे सक्ती नाही तेथे धोकाही नाही, असा अर्थ काढणे घातक ठरेल.

बाजाराची मर्यादा

सारांश, भेटीस जाणाऱ्या वृद्धांना खासगी विम्यावाचून गत्यंतर नाही. तथापि, विमा घेतला म्हणजे प्रश्न सुटला असेही नव्हे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली आपल्या गाजलेल्या निबंधात पासष्टीपुढील व्यक्तींना आरोग्यविमा मिळणे का कठीण होते, याची मीमांसा केली होती. आपल्या प्रकृतीची माहिती गिऱ्हाइकास अधिक असते, विमा कंपनीस कमी. हप्ता वाढविला की धडधाकट माणसे दूर होतात आणि आजारी तेवढी उरतात. मग हप्ता आणखी वाढवावा लागतो.

प्रवासविम्यात याचे प्रत्यंतर पानोपानी येते. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे पूर्वीपासूनचे आजार एक तर वगळलेले असतात किंवा जिवावर बेतल्यासच मर्यादित रक्कम मिळते. साठीपुढील प्रवाशांसाठी अनेक पॉलिसींत खोलीभाडे, शस्त्रक्रिया यांवर पोटमर्यादा असतात. पॉलिसीवर लाखो डॉलरचा आकडा झळकतो. प्रत्यक्षात हाती पडणारी रक्कम त्याच्या कितीतरी अलीकडे थांबू शकते. ज्या आजाराची सर्वांत अधिक भीती, त्याचेच संरक्षण सर्वांत तोकडे! आणि तो आजार अर्जात लपविला तर सारा दावाच फेटाळला जाण्याची टांगती तलवार राहते.

उपाय कोणता?

विमा कंपन्या धर्मादाय संस्था नव्हेत, हे मान्य केले तरी सामाईक जोखीम एकत्रितपणे वाटून घेण्याचा अनुभव त्यांना आहे. दहशतवादाच्या जोखमीसाठी २००२ साली भारतातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी एकत्रित निधी उभारला. ज्येष्ठ प्रवाशांसाठी तसाच निधी उभारून तरुण व वृद्ध अशा सर्व प्रवाशांच्या हप्त्यांतून तो पोसता येणार नाही काय? विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली आरोग्यविमा खरेदीसाठीची पासष्ट वर्षांची वयोमर्यादा दूर केली. त्याच न्यायाने, पूर्वीच्या आजारांवर नेमके किती रुपये मिळतील हे प्रवासविम्याच्या पहिल्याच पानावर ग्राहकाच्या भाषेत छापण्याचे बंधन घालता येईल. परराष्ट्रांशी वाटाघाटी करताना कुशल मनुष्यबळाच्या व्हिसांबद्दल आपण आग्रही असतो. त्या मनुष्यबळाच्या आईवडिलांचा विषयही कधीतरी त्या टेबलावर आला पाहिजे.

तोपर्यंत पॉलिसी निवडताना हप्त्याची रक्कम शेवटी आणि वगळलेल्या आजारांची यादी प्रथम वाचावी, आजार प्रामाणिकपणे नोंदवावेत, आणि प्रकृती अस्थिर असेल तर आपण जाण्याऐवजी मुलांनाच इकडे बोलवावे. विमानाच्या तिकिटातील दहा-वीस हजार वाचविण्यासाठी महिनाभर हिशेब करणारा मध्यमवर्ग विम्याचा कागद मात्र न वाचताच सही करतो. आयुष्यभराचा भविष्यनिर्वाह निधी एका इस्पितळाच्या बिलात जाऊ शकतो, हे ध्यानात घेता ही बेफिकिरी परवडणारी नाही.