उपवास तुमचा असतो, गोळीचा नव्हे!

"डॉक्टर, आज चतुर्थी, पोटात काही नाही; पण गोळी मात्र घेतली हं!" हे कौतुकाने सांगू नका. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती पाहत नाही. मग घाम, थरथर, चक्कर. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, तर लगेच ३ चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. उपवास मोडेल म्हणून थांबलात, तर शुद्ध हरपेल. (देव रागावत नाही, मी रागावतो!) नुसती मेटफॉर्मिन सहसा असा दगा देत नाही, पण अनेकांच्या एकाच गोळीत दोन्ही औषधे असतात. पाकीट वाचा. आणि डोस मनाने बदलू नका, उपवासाच्या आधी येऊन विचारा.