गंडीपेटचे पाणी

गंडीपेटचे पाणी ज्याच्या पोटात गेले तो हैदराबाद सोडून जात नाही, असे येथे म्हटले जाते. आपल्या कितीतरी मराठी घरांनी ते खरे करून दाखविले आहे. आता मात्र ‘ते पाणी पितो कोण?’ असा सवाल ऐकू येतो. शहराची तहान मुख्यतः कृष्णा-गोदावरी भागवितात, तेव्हा तलावांभोवतालची जमीन बांधकामांस मोकळी करावी, असा हा युक्तिवाद आहे. मला तो मान्य नाही.

हे तलाव केवळ पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले नाहीत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने शहर बुडविले. मृतांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास सांगितली जाते. एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. तेथे शिकलेल्या सभासदांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पुढे निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. (ते पुण्यात शिकलेले, म्हणून आपल्याला जरा जवळचे.) शहराच्या वरच्या अंगास पाणी अडवावे, हा त्यांचा सल्ला. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. गंडीपेटचे पाणी उताराने शहरात येते. कृष्णेचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर पंपांनी आणावे लागते, हेही विसरू नये.

१९९६ च्या १११ क्रमांकाच्या शासकीय आदेशाने दहा किलोमीटरच्या परिघातील ८४ गावांत कारखाने, मोठी हॉटेले, निवासी वसाहती यांवर निर्बंध घातले. एका तेल कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले की, प्रकल्प निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तो उभारू पाहणाऱ्याची आहे. एप्रिल २०२२ मध्ये ६९ क्रमांकाच्या आदेशाने हे निर्बंध उठविण्याचे ठरले. त्यावरील कायद्याचा काथ्याकूट वकिलांनी करावा. वैद्यकीय बाजू मात्र आपण मांडावयास हवी.

क्लोरीन जंतू मारते. पाण्यात विरघळलेले जड धातू आणि रसायने ते काढून टाकू शकत नाही. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद तलावात उतरले की शेवाळ माजते. शिवाय मातीत मुरणारा पाऊस छपरांवरून व डांबरी रस्त्यांवरून धावू लागला की तो तलावात एकदमच येतो आणि दारे उघडावी लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये दारे उघडली तेव्हा महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले. मुसीकाठच्या झोपड्यांत राहणारे लोक आपल्या दवाखान्यांतील रुग्णच आहेत.

त्या ८४ गावांतील शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे मात्र खोटे नाही. शहराच्या सुरक्षिततेसाठी त्यांच्या जमिनीचा भाव पाव शतकाहून अधिक काळ बांधून ठेवला गेला आणि मोबदला म्हणून हाती काहीच पडले नाही. पाण्याच्या देयकात थोडा अधिभार लावून तो त्यांना द्यावा. मी तो आनंदाने भरीन. मात्र त्यांचे गाऱ्हाणे पुढे करून तेथे बहुमजली इमारती उभ्या करणाऱ्यांचा कैवार आपण घेऊ नये. आपल्यापैकी काहींनी त्या बाजूस फार्महाऊससाठी जमिनी घेतल्या आहेत, हे मी जाणून आहे. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो तो त्यामुळेच. तरीही आपल्या संस्थेने येत्या वार्षिक सभेत या विषयावर ठराव करून तो सरकारकडे पाठवावा, अशी माझी सूचना आहे. मसुदा तयार करण्याचे काम मी अंगावर घेतो.